डावीकडे गोवा, उजवीकडे चौल

प्रति,
रेवदंड्याचा कोट, त्यावरचे फलक, तिथे जाणारा रस्ता आणि तिथल्या स्वच्छतागृहाचं कुलूप ज्यांच्या ज्यांच्या अखत्यारीत येतं, त्या सर्व साहेबांस,



हे पत्र खरं तर एकाच टेबलावर जायला हवं होतं. पण चौकशी केली तेव्हा कळलं की तट एका खात्याचा, तटातून गेलेला रस्ता दुसऱ्याचा, समुद्राची वाळू तिसऱ्याची आणि गटार ग्रामपंचायतीचं. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, तेही अगदी आदबीने. तेव्हा म्हटलं, सगळ्यांनाच मिळून एक पत्र लिहावं. ज्याला आपलं वाटेल त्याने उघडावं.

मी वडखळची. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. आमच्या गावाला कोणी येत नाही, आमच्या गावावरून जातात. पेणकडून आलं की नाक्यावर डावीकडे गोवा, उजवीकडे अलिबाग. मुंबईकर इथे गाडी थांबवतो, वडापाव खातो, पाय मोकळे करतो. परतताना पांढऱ्या कांद्याची माळ, पोहे आणि पेणची मिरगुंडं घेतो. कोण कुठे चाललंय ते आम्हाला गाडीच्या टपावरून कळतं. डावीकडे वळणाऱ्यांतले कितीतरी जण जुन्या गोव्याची चर्चं बघायला जातात. पोर्तुगीजांचं शहर बघायला म्हणून दहा-बारा तास गाडीत बसतात. त्याच पोर्तुगीजांचं तसंच एक तटबंद शहर आमच्या नाक्यापासून उजवीकडे चाळीसेक किलोमीटरवर आहे, हे ना त्यांना ठाऊक ना आम्हाला.

मलाही ठाऊक नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल. ठाऊक होतं, पण दिसलं नव्हतं. शाळेची सहल जंजिऱ्याला न्यायची तर एसटी रेवदंड्यावरूनच जाते. कोटाच्या तटातून रस्ता आत शिरतो, गावातून जातो, पुन्हा तट भेदून बाहेर पडतो आणि साळावच्या पुलावर चढतो. एकतीस वर्षांत किमान पंधरा वेळा मी पन्नास-पन्नास मुलं घेऊन त्या तटातून गेले असेन. त्या क्षणी मी काय करत होते, तर गाडी लागलेल्या मुलींना लिंबू देत होते. एकदाही मुलांना म्हटलं नाही की, बाळांनो, खिडकीतून बघा, आपण आत्ता एका शहराच्या वेशीतून आत आलो. तेव्हा या पत्रात दोष द्यायचा झाला तर पहिला माझा, आणि मग आपला.

यंदा जानेवारीत माझा भाचा पुण्याहून आला होता. आठवीत आहे. त्याच्या वर्गातली दोन मुलं दिवाळीत गोव्याला जाऊन आलेली, त्यांनी फोटो दाखवून दाखवून याचं डोकं खाल्लेलं. म्हणाला, “आत्या, आपण पोर्तुगीज शहर बघायला कधी जायचं?” मी म्हटलं, “उद्या.”

रविवारी सकाळी साडेसातला नाक्यावर उभे राहिलो. एसटी येईपर्यंत दोघांनी एकेक वडापाव खाल्ला आणि सहलीची सुरुवात तिथेच झाली. त्याला सांगितलं, हा पाव पोर्तुगीजांचा, शब्दही त्यांचाच. बटाटाही त्यांचाच. चटणीतली मिरची त्यांच्याच जहाजांतून आली. घराची चावी, मोरीतली बादली, गवंड्याचं घमेलं, महिन्याचा पगार आणि चोराचा तुरुंग हे सगळे शब्द त्यांच्याकडून आलेले. त्याने विचारलं, “मग मराठी काय उरलं?” म्हटलं, “वड्याचा आकार.”

धरमतरचा पूल, पोयनाड, पेझारी, तिनविरा, कार्ले खिंड. सकाळची वेळ, रस्ता मोकळा होता. अलिबागच्या स्टँडवर उतरून मिनिडोर रिक्षा धरली. चालकाने विचारलं, “बीच का बाजारपेठ?” मी म्हटलं, “कोट.” तो म्हणाला, “म्हणजे बीचच ना.” साहेब, माझी निम्मी तक्रार त्या एका वाक्यात आली.

वाटेत आक्षी लागलं. इथला शिलालेख शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२चा मानतात, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. मिनिडोर थांबली नाही, मीही थांबवली नाही. नऊ माणसं मागे खेटून बसलेली असताना मराठीच्या उगमाशी थांबा म्हणायला धीर लागतो. मग नागाव, मग चौल. पोफळी इतक्या दाट की ऊन रस्त्यावर नाण्यांसारखं सांडलेलं. भाचा म्हणाला, शहर कुठंय? म्हटलं, तू शहरातच आहेस, फक्त ते दीड हजार वर्षं उशिराने बघतोयस.

ते खरंच तसं आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत येणारं चेमुल ते हेच. ग्रीक-रोमन लेखकांचं सिमुल्ला हेच आणि अरबांचं सैमूरही हेच. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७०च्या आसपास हिंदुस्थानच्या भूमीवर उतरला तो चौलला. वास्को द गामा कालिकतला यायच्या कितीतरी आधी. निकितिनचा स्मारकस्तंभ रेवदंड्यात उभा आहे आणि तो उभारण्यासाठी रशियातून माणसं आली होती. आपल्या गावात कोण उतरलं होतं याची आठवण परदेशातल्या माणसांनी येऊन करून द्यावी, ही गोष्ट मला कौतुकाचीही वाटते आणि थोडी लाजेचीही.

पोर्तुगीज पुढे आले. १५०८ साली इथल्याच खाडीत इजिप्तच्या आरमाराशी झालेल्या लढाईत व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सू मारला गेला. १५२१ साली अहमदनगरच्या निजामशहाकडून परवानगी मिळवून त्यांनी समुद्रालगत कोट बांधायला घेतला. वरचं चौल निजामशाहीचं, खालचं चौल म्हणजे रेवदंडा पोर्तुगीजांचं, आणि दोघांमध्ये व्यापार, रेशीम, घोडे, भांडणं. १५७०-७१ला मुर्तझा निजामशहाने या कोटाला महिनोन्महिने वेढा घातला आणि त्याच वेळी आदिलशहाने गोव्याला. दोन्ही टिकले. संभाजी महाराजांनी १६८३ साली इथे चढाई केली. तट टिकला, शहर मात्र हळूहळू विझत गेलं, कारण उत्तरेला मुंबई वाढायला लागली होती. ती मुंबईसुद्धा पोर्तुगीजांनीच १६६१च्या लग्नाच्या तहात इंग्रजांना देऊन टाकलेली. आपल्याच हातांनी दिलेल्या बेटाने आपलंच बंदर खाल्लं.

हे सगळं मी घरून वाचून गेले होते. तिथे पोहोचल्यावर त्यातलं एक अक्षरही कुठे लिहिलेलं दिसलं नाही.

आम्हाला दिसला तो एक निळा फलक. हे संरक्षित स्मारक आहे, याची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशा मजकुराचा. रंग उडालेला, खालच्या कोपऱ्यात कोणीतरी बदामात दोन नावं कोरलेली. भाच्याने तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, “पण हे आहे काय?” साहेब, आठवीतल्या मुलाला जो प्रश्न पडला तो फलक लिहिणाऱ्याला पडला नाही. शिक्षा किती ते सांगितलं, कशाची नासधूस करायची नाही तेवढं सांगायचं राहून गेलं.

मग आम्ही कोट वाचायला निघालो. वाचायला हाच शब्द बरोबर आहे, कारण शहर पुस्तकासारखंच असतं, फक्त इथे पानांवर आकडे नाहीत. आतलं सगळं नारळी-पोफळीच्या वाड्यांत आहे. वाड्या लोकांच्या मालकीच्या, कुंपणं घातलेली, कुत्री राखणीला. पडक्या भिंती त्या वाड्यांच्या मधोमध. कुठून आत जायचं हे कळेना म्हणून एका फाटकाशी घुटमळत होतो, तर आतून एक बाई सुपारी सोलता सोलता म्हणाल्या, “कुठशी आलाव?” वडखळ म्हटल्यावर चेहरा सैल झाला. आपल्याच जिल्ह्यातली माणसं म्हटल्यावर त्या उठल्याच. “या असं आमच्या वाडीतून, विहिरीपाशी वळा, पाटावरून उडी मारा, समोर मोठं चर्च.” फक्त “कुठलं चर्च?” विचारल्यावर त्या हसल्या. “मोठं.”

आणि ते खरोखर मोठं होतं. छप्पर गेलेलं, पण कमान शाबूत. भिंत इतकी जाड की खिडकीच्या कोनाड्यात भाचा पाय पसरून बसला. वरून पिंपळाची मुळं दगडांच्या सांध्यांत उतरलेली, आणि ज्या ठिकाणी कधी वेदी असेल तिथे झावळ्यांचा भारा रचून ठेवलेला. त्याने विचारलं, हे चर्च होतं का मठ, का कोठार? मी एकतीस वर्षं शिकवलंय, “मला माहीत नाही” हे वाक्य वर्गात म्हणायला मी घाबरत नाही. पण त्या दिवशी ते पाच वेळा म्हणावं लागलं. डॉमिनिकनांचं कुठलं, ऑगस्टिनियनांचं कुठलं, जेझुइटांचं कुठलं आणि शहराचं मुख्य देऊळ कुठलं, हे वाचून गेलेल्या माणसालाही तिथे उभं राहून ओळखता येत नाही.

एकच वास्तू स्वतःचं नाव सांगते, ती म्हणजे मनोरा. सांता बार्बाराचा तो मनोरा, गावात सातखणी म्हणतात. माडांच्या वर डोकं काढून उभा असतो म्हणून सापडतो, फलक आहे म्हणून नाही. त्याच्या पायथ्याशी तोफेचे दोन गोळे गवतात पडलेले. भाच्याने एक उचलायला घेतला, हललासुद्धा नाही. मी त्याला निळ्या फलकाची आठवण करून दिली.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते. जे. गर्सन दा कुन्हा हे मूळचे गोव्याचे आणि मुंबईत वैद्यकी करणारे डॉक्टर. त्यांनी चौल आणि वसईच्या इतिहासावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, ते १८७६ साली छापलं गेलं. त्यात इथली चर्चं, वेशी, दगडांवरचे लेख यांची नोंद आहे. पुढे १८८३च्या कुलाबा गॅझेटिअरमध्येही चौलवर पानंच्या पानं आली. म्हणजे कुठलं काय हे शोधून काढायचं काम जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच झालेलं आहे. नवं संशोधन नको, नवी समिती नको. एका माणसाने बसून मराठीत उतरवायचं, एका रंगाऱ्याने पत्र्यावर लिहायचं आणि चार खांब पुरायचे. इतकंच उरलंय, आणि ते दीडशे वर्षं उरलंय.

इथे कोणी म्हणेल, पोर्तुगीजांच्या खुणा कशाला जपायच्या? गुलामीच्या खुणा त्या. मी हा प्रश्न टाळत नाही. वसईचा किल्ला बघायला मराठी माणूस जातो, कारण तिथे १७३९ साली चिमाजी अप्पा लढले, रक्त सांडलं, चर्चच्या घंटा आणल्या. चौलचं तसं झालं नाही. वसई पडल्यावर पोर्तुगीजांचं अवसान गेलं आणि १७४०च्या तहात चौल आणि खाडीपलीकडचा कोर्लई किल्ला मराठ्यांना मिळाले, कागदावर. कागदावर मिळालेल्या गोष्टीचा पोवाडा होत नाही. मला वाटतं रेवदंड्याच्या नशिबी आलेली ही उपेक्षा द्वेषापोटी आलेली नाही. आपल्याला सांगण्याजोगी गोष्ट सापडली नाही म्हणून आपण तिकडे बघितलंच नाही. पण ते दगड कोणी घडवले? पाथरवट इथलेच, चुना मळणारे इथलेच. शहर त्यांचंही होतंच की.

त्या शहराचा एक तुकडा तर अजून जिवंत आहे, आणि तो बघायचा आमचा राहून गेला. रोह्यावरून येणारी कुंडलिका रेवदंड्याशी समुद्राला मिळते. पूल ओलांडला की पलीकडे कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात ख्रिस्ती कुटुंबं घरात जी भाषा बोलतात ती पोर्तुगीजमधून आलेली, ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. भाषेच्या अभ्यासकांनी तिच्यावर ग्रंथ लिहिलेत. शब्द पोर्तुगीज पण वाक्याची घडी मराठीच्या वळणाने गेलेली, क्रियापद शेवटी. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी शेजारच्या मराठीचा हात धरून ती टिकली. भाच्याला ते ऐकवायचं होतं. राहिलं.

का राहिलं ते सांगते, कारण तीही माझी तक्रारच आहे. साडेबाराच्या सुमारास मला स्वच्छतागृहाची गरज पडली. किनाऱ्याशी एक आहे. नवं कोरं, बाहेर फरशी, दारावर कमळाचं चित्र, आणि भलंमोठं कुलूप. चहावाल्याला विचारलं, तो म्हणाला पंचायतीत विचारा. पंचायत रविवारी बंद. कोणी म्हणालं चावी अमक्याकडे असते, अमके लग्नाला गेलेले. पाऊण तास मी साठी ओलांडलेली बाई त्या गावात चावी शोधत हिंडले. शेवटी सुपारी सोलणाऱ्या त्याच बाईंकडे गेले. त्यांनी काही न विचारता मागचं दार दाखवलं, वर लिंबाचं सरबत दिलं. पुरुष अधिकाऱ्यांना हे वाचून हसू येईल. त्यांनी आपल्या आईला किंवा बायकोला घेऊन एक दिवस तिथे जावं.

सरबत पिता पिता त्या बाई जे बोलल्या ते आपल्या कानावर घालते. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही, पुढच्या दोनशे मीटरांत परवानगीवाचून करता येत नाही, असा कायदा आहे, २०१० साली तो आणखी कडक झाला. शहराच्या बाहेर एकाकी उभ्या असलेल्या लेण्याला तो ठीक. पण रेवदंड्यात माणसं स्मारकाच्या आतच राहतात. त्यांनी मापायचं कुठून? “पडवीला खोली काढायची म्हटली तरी कोट आडवा येतो,” त्या म्हणाल्या, “आणि कोटाचा आम्हाला फायदा तो काय? माणसं येतात, शहाळ्याची करवंटी टाकून जातात.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता. कायदा मोडा असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्या वाडीतून जाऊन मी ते चर्च बघितलं त्यांना त्या वाटेचा काही मोबदला मिळायला नको? वाट आखून द्या, वाडीवाल्याशी करार करा, त्यांच्याच पोरांना चार दिवस शिकवून वाटाड्ये करा. माणशी वीस-तीस रुपये घेतले तर आमच्यासारखा माणूस आनंदाने देईल. मग तट पाडून कोणी दगड नेतंय का यावर पहारा ठेवायला आपल्याला चौकीदार नेमावा लागणार नाही.

परतीचं फार लिहीत नाही, सगळ्यांना पाठ आहे. साडेतीनला अलिबागहून निघालो. कार्ले खिंडीत गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. पोयनाडला सूर्य मावळला. डोलवीच्या कारखान्याचे दिवे लागले तेव्हा भाचा माझ्या खांद्यावर झोपला होता. वडखळला पोहोचायला पावणेचार तास लागले. सकाळी हेच अंतर आम्ही तासाभरात कापलं होतं. हा रस्ता ज्याला मिळतो त्या मुंबई-गोवा महामार्गाच्या आमच्याकडच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. माझ्या भाच्याचा जन्म त्यानंतरचा. रविवारी संध्याकाळी अलिबागहून येणाऱ्या एसटीला तरी आधी सोडावं, एवढी व्यवस्था वाहतूक सांभाळणाऱ्यांना करता येण्यासारखी आहे. गाडीवाला आरामात बसून गाणी ऐकतो, एसटीत माणूस दांडीला लटकून उभा असतो.

तर साहेब, मागणं मोठं नाही. तट पुन्हा बांधा, लाइट-शो करा, समुद्रात नौका सोडा, असलं काही मी मागत नाही. ते झालं की आमच्यासारख्यांचं तिकीटच महागतं. दोन्ही बाजूंना जिथे रस्ता तटातून जातो तिथे एकेक मोठा फलक हवा, मराठीत, नकाशासह: आपण चौलच्या पोर्तुगीज शहरात शिरत आहात. प्रत्येक पडक्या भिंतीपाशी दोन ओळी, हे काय होतं आणि कोणाचं होतं. अलिबागच्या स्टँडवर रेवदंड्याच्या पाटीखाली ‘कोट’ हा शब्द. आणि जिल्ह्यातल्या शाळांच्या सहलींना तासाभराचा एक थांबा, म्हणजे माझ्यानंतरच्या बाई लिंबू देता देता एकदा तरी बोट करून दाखवतील.

भाच्याने पुण्याला जाऊन वर्गात सांगितलं की तोही पोर्तुगीज शहर बघून आला. मुलांनी विचारलं, तिथे काय काय होतं? त्याने सातखणी मनोऱ्याचं चित्र काढून दाखवलं आणि बाकीच्या इमारतींखाली प्रश्नचिन्हं घातली. ते चित्र त्याने मला पाठवलंय, या पत्रासोबत जोडत आहे. फलक लिहिणाऱ्याला उपयोगी पडेल.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पुन्हा जाणार आहोत, या वेळी कोर्लईलाही. तोवर फलक झाले नाहीत तरी समजून घेईन, सरकारी काम आहे. पण त्या स्वच्छतागृहाची चावी कोणाकडे असते, एवढं तरी कुलपाशेजारी खडूने लिहून ठेवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
वडखळ, ता. पेण, जि. रायगड